झिगीचं इंजिन आणि गेनियाचं धुणं

गेनिया वोयतासचं अर्धं आयुष्य कपडे वाळत घालण्यात गेलं आणि उरलेलं अर्धं तेच कपडे काढून पुन्हा धुण्यात. यात तिची काही चूक नव्हती. चूक होती चारशे सात नंबरच्या डिझेल इंजिनाची, आणि ते इंजिन चालवणारा तिचा सख्खा नवरा होता, झिगी. आता तक्रार करायची तरी कुणाकडे? जो धूर सोडायचा तोच संध्याकाळी घरी येऊन विचारायचा, "जेवायला काय आहे?"

गेनिया जन्मली खाणीवरच्या वस्तीत. बाप कोळशाच्या खाणीत, आणि आई बिनलग्नाच्या खाणकामगारांना घरात ठेवून त्यांचं रांधायची, धुवायची. न्हाणीतलं पाणी काळं आणि आईचे हात लाल, एवढंच गेनियाला लहानपणचं आठवायचं. शाळा झाली अक्षरं जुळवता येण्यापुरती. मग ती रेशमाच्या गिरणीत लागली. तिथे दिवसभर उभं राहून तुटलेले धागे जोडायचे. धाग्याला बोटाचा डाग लागला की मुकादमीण सगळ्यांसमोर उद्धार करायची. त्यामुळे पांढरं म्हणजे नक्की किती पांढरं, हे गेनियाच्या डोळ्यांत तिथेच पक्कं बसलं. लोकांना जे पांढरं वाटायचं ते तिला पिवळट दिसायचं. असल्या बाईने रुळाच्या कडेला राहणाऱ्या माणसाशी लग्न करावं, याला काय म्हणावं!

झिगी तेव्हा वाफेच्या इंजिनावर फायरमन होता, भट्टीत कोळसा लोटायचा. फ्रंट स्ट्रीटवरची घरं कंपनीच्या माणसांची, सगळी एकाला एक चिकटलेली. मागे चिंचोळं परस, मग उतार, आणि उताराखाली रूळ. मागच्या ओट्यापासून उताराच्या टोकावरच्या खांबापर्यंत कप्पीवरून फिरणारी दोरी असायची. ओट्यावर उभं राहायचं, एक कपडा चिमट्याने लावायचा, दोरी ओढायची, की कपडा निघाला रुळाच्या दिशेने. बेल्डन गावातली सगळ्यात लांब दोरी गेनियाची. तिला त्याचा फार अभिमान. आणि त्या दोरीचं दुसरं टोक थेट इंजिनाच्या धुराड्याच्या उंचीला, ही गोष्ट मात्र घर घेताना कुणी सांगितली नव्हती.

वाफेच्या इंजिनाची काजळी कोरडी असते. कपडा झटकला की निम्मी पडते, उरलेली फुंकली की जाते. गेनियाने त्या काजळीशी जमवून घेतलं होतं. मग एक दिवस गावात डिझेल आलं.

काय तो थाट! स्टेशनात बँड लावला होता. नवं कोरं चारशे सात, लाल रंग, पिवळा पट्टा, अंगावर माणसाचं तोंड दिसेल अशी चकाकी. आकाराने मात्र विचित्र. लांबलचक नाक, मग केबिन, मग मागे एक छोटंसं नाक. मालगाडी ओढायची असो, पाशिंजर न्यायची असो, खाणीवर कोळशाच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, इकडच्या तिकडे करायच्या असोत, हे एकटं इंजिन सगळं करणार म्हणे, आणि वळायचीही गरज नाही, जसं पुढे तसंच मागे.

"पण याचं तोंड कुठलं?" गेनियाने विचारलं.

"ते बघ, तिथे खाली बारीक अक्षर लिहिलंय. ती पुढची बाजू," झिगी म्हणाला. तो आता फायरमनचा ड्रायव्हर झाला होता आणि नवी टोपी घालून हवेत होता.

"तोंड कुठलं ते लिहून ठेवावं लागतं? कठीण आहे."

कंपनीचा एक साहेब पांढरे हातमोजे घालून आला होता. त्याने इंजिनाच्या अंगावरून हात फिरवला आणि मोजा वर करून सगळ्या बायकांना दाखवला. स्वच्छ! "बायांनो," तो म्हणाला, "तुमचे काजळीचे दिवस संपले." बायकांनी टाळ्या वाजवल्या. गेनियाने सगळ्यात जोरात वाजवल्या, आणि त्याच आठवड्यात मागच्या सगळ्या खिडक्यांना पांढरे पडदे शिवले. जाळीचे, झालरीचे.

ते पडदे पांढरे राहिले पहिल्या सोमवारपर्यंत.

आता सोमवारचं सांगायला हवं. बेल्डनमध्ये धुणं सोमवारी, इस्त्री मंगळवारी, शिवणटिपण बुधवारी, आणि असंच पुढे शनिवारच्या पाव भाजण्यापर्यंत. हे कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नाही, पण सोमवारी पोरं शाळेत निघायच्या आत जिच्या दोरीवर चादरी नसतील त्या बाईच्या घरी कुणीतरी आजारी तरी असणार, नाहीतर ती बाई तसलीच. आणि रविवारी काम बंद. चारशे सातही रविवारी उभं, बरोबर फ्रंट स्ट्रीटच्या मागे, उताराच्या पायथ्याशी. उभं, पण बंद नाही. त्याच्या पोटात पाणी खेळतं, आणि थंडीत ते गोठलं तर लोखंड तडकतं. म्हणून थंडीचे महिने ते रविवारभर घुरघुरत ठेवायचं. घरातल्या कपाटातल्या बश्या दिवसभर किणकिणत राहायच्या. आणि अशी रविवारभर घुरघुर झाली की त्याच्या धुराड्यात तेल साचायचं. सोमवारी सकाळी पहिल्यांदा जोर लावला की ते सगळं साचलेलं वर उडायचं. काळा ढग, आणि ढगातून बारीक तेलाची सर.

ही काजळी झटकून जात नाही. हात लावला की पसरते.

"अरे, मोजेवाल्या साहेबाला बोलाव एकदा!" गेनिया त्या पहिल्या सोमवारी ओरडली होती. "त्याचे मोजे मी वाळत घालते इथे!"

"अगं, इंजिनाला घसा असतो," झिगीने शांतपणे सांगितलं. झिगी प्रत्येक गोष्ट शांतपणे सांगायचा, हीच खरी डोकेदुखी. "दिवसभर गप्प बसलं की कफ धरतो. सकाळी खाकरणारच."

"खाकरू दे ना. माझ्या चादरीवरच थुंकायला हवं का?"

"मी जोराचा, खाचाखाचांचा दांडा पुढे केला की डिझेल लगेच आत जातं, पण हवा कोंबणारा पंखा जरा वेळाने फिरतो. हवा येईस्तोवर नुसता धूर. आधी धूर, मग जोर. त्याला मी काय करू?"

"हळू कर पुढे. एकेक खाच."

"चढ आहे तिथे, गेनिया. मागे भरलेल्या वाघिणी. एकेक खाच करत बसलो तर गाडी चढावरच बसेल." मग पाव मोडत तो म्हणायचा, "तुम्ही बायका मंगळवारी धुवा ना. मंगळवारपर्यंत त्याचा घसा मोकळा होतो."

"मंगळवारी?" गेनियाचा आवाज चढायचा. "मंगळवारी इस्त्री असते! मंगळवारी कोण धुतं? जिला सोमवारी अंथरूण सोडवत नाही ती!"

हे संभाषण त्या घरात इतक्या वेळा झालं, की पोपट असता तर तोही बोलला असता. वर्षं गेली. पडदे करडे झाले. गेनियाने त्या इंजिनाला 'अवदसा' हेच नाव ठेवलं होतं. "आली का अवदसा?" म्हटलं की पोरांनाही कळायचं.

या सगळ्यात गेनियाचा एकच मान होता, आणि तो मोठा होता. चर्चमधल्या वेदीची वस्त्रं धुवायचं काम तिच्याकडे होतं. आधीच्या म्हाताऱ्या बाईंनी मरताना फादर सोबोटांना तिचंच नाव सांगितलं होतं, "तिला पांढरं दिसतं," म्हणून. ईस्टर आणि नाताळला वेदीवर अंथरायचं जे मोठं वस्त्र होतं, त्याला हातभर रुंद लेस होती, क्रोशाची, गव्हाच्या लोंब्यांची नक्षी. ते ती वेगळं धुवायची, पहिलं पाणी मोरीत न सोडता परसात गुलाबाच्या मुळाशी ओतायची, नीळ किती आणि खळ किती ते जिभेवर चाखल्यासारखं तिला कळायचं. शिकलेली नाही, गाता येत नाही, समितीत कुणी बोलावत नाही, पण मिस्सेच्या, चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी सगळं गाव ज्या पांढऱ्याकडे तोंड करून बसतं ते पांढरं आपल्या हातचं. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण मिस्सेला ती नेहमी पहिल्या बाकावर बसायची.

आणि मग त्या नाताळला वस्त्रावर डाग निघाला. मेणबत्तीच्या बरोबर खाली, मसुराएवढा, काळा. तो दिसला कुणाला, तर रेजिना कोसिकला.

रेजिना वर चर्चच्या टेकडीवर राहायची. तिथे धूर पोचत नाही. ती लेस रेजिनाच्या आईने विणलेली होती, डोळे जाईपर्यंत. त्यामुळे ते वस्त्र धुवायचा हक्क आपला, असं रेजिनाला पहिल्यापासून वाटत होतं, आणि ते ती तोंडाने बोलत नसली तरी मानेने बोलायची.

"मी काही म्हणत नाही, मिसेस वोयतास," ती चर्चच्या पायऱ्यांवर म्हणाली, "पण आईच्या लेसजवळ आलाय डाग."

"लेसला लागला नाहीये."

"नाही लागला. यंदा."

फादर सोबोटा भला माणूस, भांडणाला घाबरणारा. त्यांनी नजर चुकवत गेनियाला सांगितलं, "ईस्टरला बघू या. ईस्टरलाही असंच झालं तर... टेकडीवर हवा बरी असते, एवढंच." गेनियाने मान हलवली आणि घरी येऊन बटाटे इतक्या जोरात सोलले की सालींबरोबर अर्धे बटाटे गेले.

त्याआधी एकदा तिने ते वस्त्र धुराच्या धाकाने स्वयंपाकघरात वाळवलं होतं. तेव्हा चुलीवर आंबवलेल्या कोबीचं भांडं होतं. मिस्सेला वेदीपाशी गुडघे टेकलेल्या प्रत्येकाला भूक लागली होती. तळघरात वाळवावं तर तिथे भट्टीचा कोळसा. म्हणजे दोरी हाच एक मार्ग, आणि मेणबत्त्या लावणारी टेक्ला बाई मंगळवारी सकाळी वस्त्र न्यायला येणार. मग सोमवारच. झावळ्यांच्या रविवारनंतरचा, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातला सोमवार.

त्या रविवारी जेवताना गेनियाने चमचा खाली ठेवला. "झिगी, उद्या ती वस्त्रं दोरीवर असतील."

"माहीत आहे."

"डाग पडला तर ती रेजिनाकडे जातील. आणि मी पुन्हा कधी पहिल्या बाकावर बसणार नाही. मागे बसेन, दाराशी, भिकाऱ्यांत."

झिगीने सूप ढवळलं. बाहेर अवदसा घुरघुरत होती, बश्या किणकिणत होत्या. एप्रिल लागला होता तरी रात्री डबक्यांवर बर्फ धरत होता. शेवटी तो म्हणाला, "हळू आणतो. पहिल्या दोन खाचांतच ठेवतो. तू घाल दोरीवर."

"शपथ?"

"अगं, आणतो म्हटलं ना."

सोमवारी ऊन चांगलं पडलं. गेनियाने पहाटेच वस्त्रं पिळली आणि सगळ्यांच्या आधी दोरीवर घातली. मोठं वस्त्र पहिलं, म्हणून ते दोरी ओढता ओढता पार टोकाला गेलं, रुळाच्या वर. मागून छोटी वस्त्रं, मग घरातल्या चादरी. फ्रंट स्ट्रीटच्या सगळ्या परसांत एकेक दोरी भरत गेली. शेजारच्या बायका आपापल्या ओट्यांवरून वस्त्राकडे बघत होत्या. सगळ्यांना माहीत होतं.

आणि खालून चारशे सात आलं. काय सांगावं, इतकं हळू कुणी इंजिन बघितलं नव्हतं. धुराड्यातून करडी रेघ, तेवढीच. झिगी खिडकीत ताठ बसून नजर समोर ठेवून होता, आणि त्याच्या शेजारचा फायरमन एम्रिस, वेल्स मुलखातून आलेल्या लोकांतला, डोक्याला हात लावून बसला होता. डिझेलवर फायरमनला करायला काही नसतं, तरी एक ठेवायचा असा नियम, त्यामुळे एम्रिसला बोलायला भरपूर वेळ.

"झिगी, चालत जाणारी म्हातारी आपल्या पुढे गेली," तो म्हणाला.

"जाऊ दे."

"आता कुत्रं गेलं."

"एम्रिस, तुझ्या घरी धुणं नसतं का?"

चढाच्या मध्यावर चाकं एकदा घसरली. झिगीने पकड यावी म्हणून रुळावर वाळू सोडली. चाकं पुन्हा घसरली. मग मागच्या वाघिणींनी एकामागून एक धक्का दिला, आणि गाडी बसली. इंजिन थांबलं ते बरोबर गेनियाच्या दोरीच्या टोकाखाली. धुराड्याच्या वर हात दीड हात अंतरावर गव्हाच्या लोंब्यांची लेस वाऱ्यावर हलत होती. आणि मागच्या वाघिणींनी विलो स्ट्रीटचं रेल्वेफाटक अडवलं.

"झिगी!" गेनिया ओट्यावरून ओरडली. "थांबलास का?"

"मी नाही थांबलो. ती थांबली."

"मग हलव!"

"हलवतो. पण दोन खाचांत हलत नाही. पूर्ण दांडा टाकावा लागेल."

"दांड्याला हात लावशील तर बघ!"

"मग मागे घे!" शेजारची एक बाई ओरडली.

"मागे खालच्या वळणावर दुसरी गाडी येऊन उभी आहे," एम्रिसने खिडकीतून उत्तर दिलं. "आता पुढे तरी, नाहीतर ईस्टर इथेच."

फाटकाशी गर्दी जमली. पलीकडे एक मोटार भोंगा वाजवत होती. थोड्या वेळाने दोन वाघिणींच्या मधून फादर सोबोटांचं डोकं बाहेर आलं. मरणाला टेकलेल्या कुणाला तरी शेवटचं पवित्र तेल लावायला निघाले होते, टोपी हातात, आणि डोकं कोळशाने माखलेलं. "मिसेस वोयतास," ते म्हणाले, "तुमच्या नवऱ्याला..." आणि तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. दोरीवर. मग धुराड्यावर. मग त्यांनी डोकं आत घेतलं.

अलीकडे रेजिना कोसिक उभी होती. कसायाकडून ईस्टरची सॉसेजं घेऊन घरी निघालेली, आणि घर पलीकडे. तिनेही वर बघितलं.

"माझ्या आईची लेस!" ती इतक्या जोरात किंचाळली की फाटकाशी थांबलेल्या दूधगाडीचे घोडे बिचकले.

गेनियाने दोरी ओढायला सुरुवात केली होती. कप्पी दोन-तीनदा कुरकुरली आणि अडली. टोकाच्या खांबावरची, उतारावरची, जिथे हात पोचत नाही ती. थंडीत गंजली होती. तिला तेल घाल म्हणून गेनिया झिगीला नाताळपासून सांगत होती. इंजिनाला तेल, इंजिनाला पाणी, आणि घरच्या कप्पीला? नाव नको!

"ओढा ना!" रेजिना फाटकाकडून धावत परसात शिरली, सॉसेजांची पिशवी गुलाबावर फेकली.

"ओढतेय! अडलीय!"

"मग मी खालून जाते."

"उतार आहे तिथे, घसराल!"

"घसरेन! माझी आई त्या लेसपायी आंधळी झाली!"

आणि रेजिना कोसिक, कोटाला चामड्याची कॉलर असलेली, टेकडीवरची, उतारावर बसून घसरत खांबापाशी गेली. शेजारच्या ओट्यांवरून बायका धावल्या. कुणी शिडी आणली, कुणी टोपली. एकीने रेजिनाला पाय धरून वर उचललं, रेजिनाने खांबाला मिठी मारून चिमटे काढले, आणि मोठं वस्त्र, ओलं, जड, हातोहात वर आलं. छोटी वस्त्रं गेनियाने काढली. सगळं टोपलीत, टोपली स्वयंपाकघरात, आणि सगळ्या बायका टोपलीभोवती, जणू तान्हं मूल आणलंय.

"झाकण घाला! कोबी शिजतोय!" रेजिना ओरडली.

गेनियाने कोबीचं भांडं उचललं आणि बाहेर ओट्यावर ठेवलं. मग खिडकीतून हात बाहेर काढून झिगीला खूण केली. जा. एकदाचा जा.

झिगीने दांडा टाकला.

आधी धूर, मग जोर. रविवारभर आणि वर सोमवारच्या सकाळभर कोंडलेलं सगळं एकदम वर गेलं. फ्रंट स्ट्रीटवर दिवसा अंधार झाला. खिडकीच्या काचेवर तेलाचे थेंब टपटपले. वाघिणी एकामागून एक खणखणल्या, गाडी हलली, फाटक मोकळं झालं, आणि पलीकडे फादरांची मोटार धुराच्या ढगात शिरून भोंगा वाजवत बाहेर पडली.

ढग विरला तेव्हा बायका ओट्यावर आल्या. वेदीची वस्त्रं वाचवायच्या गडबडीत स्वतःचं धुणं काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सगळ्या रस्त्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, नवऱ्यांच्या विजारी, ठिपक्याठिपक्यांच्या. कोबीच्या भांड्यातसुद्धा ठिपके.

"सॉसेजं!" रेजिनाला आठवलं. पिशवी अजून गुलाबावरच होती. तीही ठिपक्यांची.

गेनिया हसली नाही. हसायची तिची तयारीच नव्हती. टोपलीतलं वस्त्र उलगडून तिने उजेडात धरलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळे फिरवले. रेजिना दुसरं टोक धरून तेच करत होती.

"स्वच्छ आहे," रेजिना म्हणाली.

"इथे जरा पिवळट दिसतंय मला."

"कुठे? मला नाही दिसत."

"तुम्हाला नाही दिसायचं," गेनिया म्हणाली. मग म्हणाली, "पण वाळवायचं कुठे आता?"

रेजिनाने कोटावरचा चिखल झटकला. झटकून गेला नाही. "टेकडीवर वारा बरा असतो," ती म्हणाली. "माझी दोरी रिकामी आहे. तुम्ही चला. खळ मला नीट जमत नाही, आईला जमायची."

दोघी टोपलीची एकेक कडी धरून टेकडी चढल्या. सगळ्या गावाने बघितलं आणि प्रत्येकाने वेगळी गोष्ट सांगितली. दुपारभर वस्त्र रेजिनाच्या परसात वाळलं आणि संध्याकाळी रेजिनाच्या टेबलावर गेनियाने इस्त्री केली, रेजिनाने लेसच्या लोंब्या एकेक बोटाने ओढून सरळ केल्या. ईस्टरआधीच्या गुरुवारी मिस्सेला दोघी पहिल्या बाकावर बसल्या, मधे एका माणसाची जागा सोडून. त्यानंतर ती वस्त्रं गेनिया धुवायची आणि रेजिना वाळवायची, आणि नीळ जास्त झाली की कमी यावर दोघींचं दर सणाला भांडण व्हायचं, ते मरेपर्यंत.

पण खरी गोष्ट मंगळवारची. मंगळवारी फ्रंट स्ट्रीटच्या सगळ्या बायकांना सोमवारचं सगळं धुणं पुन्हा धुवावं लागलं. ईस्टरच्या आठवड्यात काळ्या चादरी कोण ठेवणार? चारशे सात त्या दिवशीही चढावरून गेलं, पण घसा मोकळा झाला होता. धुराड्यातून बारीकशी निळी रेघ. संध्याकाळी दोऱ्यांवर सगळं पांढरं, इतकं पांढरं की गेनिया ओट्यावर उभी राहून नुसती बघत राहिली. रुळाकडेला राहायला आल्यापासून असं तिने पाहिलं नव्हतं.

झिगी कामावरून आला, दोरीकडे बघितलं, हात धुतले, जेवायला बसला. एक शब्द नाही.

"बोल," गेनिया म्हणाली.

"काय बोलू?"

"जे मनात आहे ते."

"मनात काही नाही. सूप चांगलं झालंय."

"सूप कालच्या त्या तेल पडलेल्या कोबीचं आहे!"

"तरी चांगलं झालंय."

याला काय म्हणावं! 'मी म्हटलंच होतं' एवढं जरी तो म्हणाला असता तरी तिला भांडता आलं असतं. पण तो कधीच म्हणाला नाही, पुढे सगळ्या आयुष्यात नाही. आणि त्याने ती कप्पी काढली, घासली, इंजिनाच्या डब्यातलं तेल घातलं आणि परत लावली. तीही न बोलता.

पुढच्या सोमवारी फ्रंट स्ट्रीटवर एकाही दोरीवर काही नव्हतं. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कुणाला विचारलं नव्हतं. एकीच्या घरी पाहुणे होते, एकीची कंबर धरली होती, गेनियाला म्हणे नीळ आणायची राहिली होती. मंगळवारी सगळ्यांच्या दोऱ्या भरल्या. त्याच्या पुढच्या सोमवारीही असंच काही ना काही निघालं. हळूहळू कारणं सांगायचीही गरज उरली नाही. इस्त्री बुधवारवर गेली, शिवणटिपण गुरुवारवर, आणि शनिवारचं भाजणं रविवारवर ढकलता येत नाही म्हणून मधलं एक काम कुठेतरी हरवलं. ते कुठलं, यावर बायकांचं एकमत कधीच झालं नाही.

मग खाणी बंद पडत गेल्या. वाघिणी कमी झाल्या, चारशे सात आठवड्यातून एकदाच यायला लागलं, मग कधीतरी, मग त्याला दुसऱ्या इंजिनाने बांधून ओढत नेलं. रंग उडालेला, पट्टा दिसेना. गेनिया ओट्यावर उभी होती. "गेली का अवदसा," ती म्हणाली, आणि आत जाऊन कपाटातल्या बश्या पुन्हा नीट रचल्या. किणकिण थांबल्यावर त्या कशाही ठेवल्यासारख्या दिसायला लागल्या होत्या. झिगी पेन्शनीत गेला. रूळ गंजले, मग उचलले, आणि उतारावर झुडपं माजली.

शेवटी फ्रंट स्ट्रीटवर शेजारचं घर एका तरुण जोडप्याने घेतलं. पहिल्याच सोमवारी त्या पोरीने मागच्या ओट्यावरून चादरी घातल्या. पांढऱ्या शुभ्र, सकाळच्या उन्हात, नवऱ्याचे सदरे त्यांच्या शेजारी. धूर नाही, ठिपका नाही, काही नाही.

गेनिया खिडकीतून बघत होती. झिगी मागे खुर्चीत पेपर वाचत होता.

"बघितलंस का?" ती म्हणाली. "सोमवारी धुणं घातलंय."

"हं."

"सोमवारी! कुणाच्या घरची आहे कोण जाणे. आईने काही शिकवलंच नसेल."

झिगीने पेपर खाली केला आणि तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बोलू नकोस," गेनिया म्हणाली.

झिगीने पेपर पुन्हा वर केला. पेपरामागे त्याचे खांदे हलत होते. गेनियाने ते पाहिलं, आणि उठून उद्याच्या धुण्यासाठी साबण किसायला घेतला.